दर्शनी बाजूचा कागद

“तिला काय विचारायलाव मालक, इंग्रजी शाळंतली पोर ती. तिला छपराचं काय कळायलंय!”

मिस्त्रीकाका मामाला हे म्हणाले तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. मामाने मला एवढंच विचारलं होतं, की छपरात घालायचा कागद कसा वाटतो. मला बोलायला वेळ लागतो, तोवर विषय पुढे गेलेला असतो.

पेडगावला मामा बियाण्यासाठी खोली बांधत होता. पेरणीचं घरचं सोयाबीन तिथेच राहणार होतं. ओल लागली की ते उगवत नाही, आणि मामाकडे दुसरं बियाणं नव्हतं. छपराला पुढे चांगला खडा उतार, वर मातीची कवेलू येणार. मागे शेजाऱ्याची खिडकी झाकू नये म्हणून उतार जेमतेम, वर पत्रे. फळ्या दोन्हीकडे ठोकून झाल्या होत्या. त्यांवर अंथरायला दोन गोष्टी होत्या: शेततळ्याचा उरलेला जाड प्लॅस्टिक कागद, एकसंध; आणि डांबरी कागदाच्या अरुंद गुंडाळ्या.

“जाड कागद पुढं,” मामा म्हणाला. “दर्शनी बाजू हाय.”

“कवेलूखाली कोण डोकवायलंय?” मामीने खालून विचारलं.

“कुणी नगं डोकवू. मला तर ठाव राहतंय ना!”

सगळे हसले. मी मात्र पाण्याचा विचार करत होते. मिस्त्रीकाका तांब्याभर पाणी ओतून उतार बघायचे, ते मी सकाळपासून पाहिलं होतं. ते चहाला उतरल्यावर मी वर चढले. डांबरी कागदाचे दोन तुकडे पुढच्या फळ्यांवर मांडले, वरचा खालच्यावर चार बोटं चढवून, आणि पाणी ओतलं. ते सरळ पळालं. सांधा आतून कोरडा.

मग तेच तुकडे मागे नेले. तिथे पाणी पसरलं, सांध्यापाशी रेंगाळलं. वरचा कागद उचलला तर ते उलटं, दोन बोटं आत चढलेलं. खरं वाटेना, म्हणून पुन्हा ओतलं. आता तीन बोटं. आणि वारा तर अजिबात नव्हता; वाऱ्याने ते आणखी आत गेलं असतं.

मिस्त्रीकाका वर आले, जाड कागदाची घडी पुढच्या बाजूला ओढू लागले. मामा दुसरं टोक धरून होता.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “जाड कागद मागे घाला, त्याला सांधाच नाही. पुढे पाणी थांबतच नाही, इथे मागे ते सांध्यात शिरतंय. मामा, तूही ये, हात घालून बघ.”