हॉटेलात भरवलेला घास

भाचीला सासरी परत न्यायला तिची माणसं देवळ्याहून येणार होती. बोलणी घरात नकोत, हॉटेलात करू, हे मीच सुचवलं. आधीच्या बैठकीत तिच्या नवऱ्याने माझ्या हॉलमधली खुर्ची भिंतीवर आपटून मोडली होती. चार लोकांत माणूस हात आवरतो, असा माझा अंदाज. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, तो लगेच पटला. तिला काहीही करून मुलगी नांदायला पाठवायची होती. भाची दिवाळीपासून माझ्याकडे राहत होती आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "मावशी, मी गेले तर तो मला मारून टाकेल."

गंगापूर रोडवरचं नवं सिचुआन चायनीज हॉटेल. काळ्या भिंती, लाल काचेचे दिवे, नागलीच्या पारीचे मोमो. रविवारची दुपार असल्याने एकही टेबल रिकामं नव्हतं. जावयाने मला वाकून नमस्कार केला. विहीणबाईंनी मेनूकार्ड डोळ्यांपासून लांब धरलं.

"काय बाई एकेक नावं! भाकर नाय का भेटत इथं?"

भाचीसुद्धा हसली.

वेटरने सुक्या लाल मिरच्यांचा ढीग आणून ठेवला. त्यात चिकनचे बारके तुकडे लपलेले. "मिरच्या खायच्या नाहीत मॅडम, बाजूला सारायच्या," तो म्हणाला आणि गेला.

"झालं गेलं विसरा," जावई म्हणाला. "एवढं ताणायचं काय कारण?"

"मी तेच म्हणते," बहीण म्हणाली.

"मी येणार नाही," भाची प्लेटकडे बघत म्हणाली.

विहीणबाईंनी हसून वेळ मारून नेली. "राग गिळ आता पोरी. भरव रे तिला घास. लग्नात भरवला व्हता तसा."

बहिणीने फोटोसाठी मोबाइल काढला. जावयाने डावा हात भाचीच्या मानेमागे टाकला. उजव्या हाताने तो ढिगात चाचपत होता. मला वाटलं, चिकन शोधतोय. त्याने मूठभर मिरच्या गोळा केल्या.

"लय तोंड चालतं ना तुझं? खा."

चारही बोटांनी त्याने त्या तिच्या तोंडात कोंबल्या. तिने मान मागे घेतली, तशी त्याने मानेवरची पकड आवळली आणि आणखी आत ढकललं. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. बहीण अजून मोबाइल धरून हसत होती. शेजारच्या टेबलावरची बाईही कौतुकाने बघत होती. घास भरवताना नवरे चेष्टा करतातच.

मी उठले, तोवर भाचीने दात आवळले होते.

तो किंचाळला. तिने सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या कानावर ठोसा मारला, मग तोंडावर, मग पुन्हा कानावर. खुर्ची उलटली, दोघं खाली पडले, त्यांच्यावर नूडल्सचे काचेचे बाउल फुटले. तिच्या दातांत त्याचं बोट तसंच होतं. त्याने पुन्हा मूठ उगारली. मी टेबलावरची छोटी लोखंडी कढई उचलली आणि त्याच्या कोपरावर घातली. हाड वाजलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वेटरांनी त्याला ओढून बाजूला नेलं. बोट पेरापाशी फाटलं होतं. भाची जमिनीवर बसून मिरच्या आणि रक्त थुंकत होती. त्यातलं तिचं किती, त्याचं किती, कळत नव्हतं.

"चावरी हाय ही!" विहीणबाई ओरडल्या. "असली बाई नको आमच्या घरात. ठिवा तुमच्यापाशीच!"

सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात बहीण त्यांच्या पायांवर पडली. गुडघे लाल तेलात, हात विहिणीच्या पावलांवर.

"असं नका हो म्हणू. मी समजावते तिला. पाठवते मी."

भाची उठली. तिच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. फुटलेल्या काचा तुडवत ती आली आणि तिने आईला दंडाला धरून उभं केलं.

"ऊठ आई. त्यांनी नको म्हटलं म्हणून नाही. मलाच जायचं नाही, म्हणून जाणार नाही." जीभ बधिर झाल्यामुळे शब्द जड येत होते. ती माझ्याकडे वळली. "मावशी, गाडी काढ. पोलिसांत जायचंय."

बहीण पदराने भाचीचा चेहरा पुसायला गेली. मी बहिणीचा हात धरला.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "पोलिसांना असाच बघू दे."