ओढ्यात तेल आलं तेव्हा

आष्ट्याहून आमच्या गावाकडं येताना ओढ्यापाशी एक अवघड वळण लागतं. तीन वर्षांपूर्वी तिथं बॉयलरचं काळं तेल नेणारा टँकर उलटला. ड्रायव्हरचं खरचटण्यावर निभावलं. तेल मात्र ओढ्यात उतरलं आणि काठच्या गावविहिरीत झिरपलं.

मी गावची आशाताई. घरोघर फिरून औषधं द्यायची, लसीची आठवण करायची, हे माझं काम. मी पोचले तोवर अर्धं गाव बादल्या, कळश्या, दुधाचे कॅन घेऊन फुकटचं तेल भरायला ओढ्यात उतरलेलं. "अंगाला लावू नका, घरात ठेवू नका!" मी काठावरून ओरडत होते. एक आजी खालून म्हणाली, "ताई, वरडतीस कशाला? तुलाबी भरून देतो की!"

दुसऱ्या दिवशी चौकशीला निघाले. प्रत्येक दारात एकच उत्तर: "आमच्यात न्हाई बाई आणलं." आणि बोलणारीचे हात कोपरापर्यंत लालभडक. घरी आले तर सासूबाई पाय झाकून बसलेल्या. बघते तर गुडघ्यावर टपोरे फोड.

"जरा चोळलं गं," त्या म्हणाल्या. "सांधं मोकळं व्हत्यात म्हणं."

"कोण म्हणालं, आत्याबाई?"

"मीच म्हणलं."

चार दिवसांत निम्मं गाव खाजवायला लागलं. पोरांना उलट्या सुरू झाल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद करायला सांगितलं, पण ग्रामसभेत कुणाला पटेना. "उकळून प्यालं की झालं," असं सांगणारा गडी पाठ खांबाला घासत होता.

तेव्हा मागून एक धनगर मामा उठले. दरवर्षी पूर्वेकडून मेंढरं घेऊन ते आमच्या शिवारात येतात. "माझ्या मेंढरांनी त्या पाण्याला तोंड लावलं न्हाई," ते म्हणाले. "मुक्या जनावराला कळतंय, आन् तुमी शिकल्याली माणसं!"

डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते मेंढरांनी केलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा टँकर सुरू झाला.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांची एक मेंढी काठावर घसरून तेलात लडबडली होती. "आवं, लोकर तेल पिती. धुता धुवंना. माझ्याकडं लोकरीची पोती पडल्यात, कुत्रं इचारत न्हाई."

मग हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून आम्ही बायका बसलो. जुन्या साड्यांत लोकर भरून लांबच लांब गाद्या शिवल्या आणि ओढ्यात आडव्या बांधल्या. पाण्यावरचा काळा थर त्यांनी खरोखर धरला. काळ्या गाद्या तेलाच्या टँकरवाल्यांची गाडी येऊन घेऊन गेली. विहीर दोनदा उपसली.

सगळंच काही निभलं नाही. वळणालगत पत्र्याच्या खोलीत राहणारी एक बाई आठवडाभर तो वास घेत होती. तिचा खोकला अजून गेलेला नाही. दर महिन्याला मी तिला दवाखान्यात नेते.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पिण्याजोगं असल्याचा दाखला आला. तरी कुणी पुढं होईना. शेवटी सगळ्यांदेखत मीच तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. माना सासूबाईंकडं वळल्या.

"दमा जरा," त्या म्हणाल्या. "सांजच्यापत्तूर ही धड राहिली, तर आपुन पिऊ."