दाखल्याचा अर्ज

माझ्या मुलीचा अर्ज मी दिलाच नाही. दिला, असं तिला सांगितलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

अणुऊर्जा प्रकल्पासाठी नाटे गावाजवळची आमची सड्यावरची, म्हणजे कातळमाळावरची, जमीन गेली, तेव्हा गावाने देवळात गाऱ्हाणं घातलं. देवापुढे नारळ ठेवला आणि घरटी एकेका कर्त्या पुरुषाने त्याला हात लावून सांगितलं, आमच्या घरातलं कुणी या प्रकल्पवाल्यांची नोकरी धरणार नाही. मीही हात लावला. मुलगी तेव्हा शाळेत होती.

पुढे ती रत्नागिरीला राहून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली. आईच्या आजारपणात मधली दोन वर्षं मोडली होती. एक दिवस ती त्याच प्रकल्पवाल्यांच्या प्रशिक्षणार्थी भरतीची जाहिरात घेऊन आली. आधी परीक्षा, मग मुलाखत, मग परराज्यातल्या अणुवीज केंद्रात विद्यावेतनावर शिकायचं आणि पास झालं की कायम. तिचं वय काही महिन्यांनी उलटलं होतं. प्रकल्पग्रस्तांना वयात सवलत होती, पण त्यासाठी प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला हवा. जमीन माझ्या नावावर, म्हणून अर्जही मीच द्यायचा.

"बाबा, सोमवारी नक्की द्याल ना?"

"देतो गो."

"नारळाचं मनात आणू नका. हात तुम्ही लावलात, मी नाय," ती हसत म्हणाली.

सोमवारी मी रत्नागिरीच्या कचेरीपर्यंत गेलो. फाटकाशी गावातले दोघे उभे.

"काय रे, दाखल्याला आलास? म्हणजे पहिला फुटलास तो तूच!"

"छे, दुसऱ्या कामाला आलोय," म्हणालो. त्यांच्याबरोबर चहा घेतला आणि एसटी धरली. अर्ज पिशवीतच राहिला. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता मुदत संपली. तिला म्हटलं, कचेरीत अडकलाय. तिने गणितं सोडवून भरलेल्या वह्या माळ्यावर टाकल्या.

त्या दोघांतल्या एकाचा मुलगा पुढे त्याच प्रशिक्षणाला गेला. बापाने देवळात दुसरं गाऱ्हाणं घालून शब्द सोडवून घेतला होता. असं करता येतं, हे मला ठाऊक होतं. गावासमोर उभं राहायचा धीर नव्हता.

आता ती लांज्याला बारावीचे क्लास घेते. परवा घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, तेव्हा माझा अर्ज अडकवणारा कारकून कोण होता? माझ्या एका विद्यार्थिनीला तोच दाखला हवाय. त्याला आधीच गाठते, नायतर तिचंही माझ्यासारखं व्हायचं."

इतकी वर्षं ती नसलेल्या माणसावर रागावून होती. तिचं गेलेलं वय मी कुठून आणून देणार होतो?

"कारकून कुणी नव्हता," मी म्हटलं. "अर्ज मी दिलाच नाही. माणसांना भ्यायलो आणि फाटकावरून परत आलो. वर तुझ्याशी खोटं बोललो. चुकलो गो. मला माफ कर."