प्लॅस्टरमधली सुई

ज्या बाईला ते कापड नकोच होतं, तिला दाखवायला म्हणून मी शिडीवर चढलो आणि वरच्या फळीवरच्या ताग्यासकट खाली आलो. बाई काही न घेता गेल्या. माझं उजवं मनगट मोडलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, वर्ध्यातल्या आमच्या कापडदुकानातली.

हाडांचे डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी प्लॅस्टर घातलं. दुसऱ्या दिवशी बोटं सुजून गार पडली, हात असा ठणकला की मी दवाखान्याच्या दारातूनच ओरडलो. ते दुसऱ्या पेशंटवर वाकलेले. मान न वळवता म्हणाले, "प्लॅस्टर आहे भाऊ, आवळणारच. हात उंच ठेवा." मी हात उंच धरूनच घरी निघालो, वाटेत दोन रिक्षा थांबल्या.

प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं आत वळलेली, उघडेनात. डॉक्टर म्हणाले, "बॉल दाबत जा, होईल." महिनोन्महिने दाबला. बोटं तशीच. कापडवाल्यानं कात्रीनं जरासं कापायचं आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं, एवढीच तर आमची कला. आता गिऱ्हाईकासमोर बायको यायची आणि फाडून द्यायची.

आणि कारण मला पक्कं ठाऊक होतं! प्लॅस्टरमध्ये खाज सुटली तेव्हा बायकोची स्वेटरची सुई आत घालून मी मनसोक्त खाजवलं होतं. नस तिथंच दुखावली असणार. म्हणून डॉक्टर दिसले की मी पानठेल्यामागे. गंमत म्हणजे, तेही मला पाहून स्कूटर वळवायचे.

बायको म्हणाली, "दोघंही चोरावानी काऊन पळून राह्यले? एकदाचं सांगून टाका त्यायले."

एका दुपारी डॉक्टर दुकानात येऊन गादीवर बसले.

"शर्टपीस दाखवू?"

"नको. भाऊ, तुमच्या हाताबद्दल..."

मी घाबरून आधीच बकलो, "साहेब, चूक माझी हाय. मी आत सुई घातलती. तुमी तर देवमाणूस!"

मी त्यांना सुटका ताटात वाढून दिली होती. 'असं करतात का राव?' एवढं म्हणून ते उठू शकले असते.

"सुईचा काही संबंध नाई," ते म्हणाले. "बोटं गार पडली म्हणून तुम्ही आले, तेव्हाच मी प्लॅस्टर कापायला पाहिजे होतं. मी पाह्यलं पण नाई. आत दाब वाढला, रक्त पोचलं नाई, स्नायू आखडले. चूक माझी आहे. माफ करा."

मीच गुन्हेगार होतो तोवर रात्री छान घोरत होतो हो! आता छातीत भडका उडाला.

"मंग इतके महिने बॉल काऊन दाबाले लावला?"

"भेत होतो."

"सुधरंल का?"

"नागपूरले हाताचे सर्जन आहेत. थोडं सुधरंल. पूर्ण नाई. उशीर झाला, तोही माझ्यामुळं. मी येतो तुमच्यासंग."

"उठा," मी म्हणालो. "माझ्या दुकानातून उठा."

ते गेले. मग मी गल्ल्यावरून दारात, दारातून गल्ल्यावर. पुटपुट चालूच, प्रश्नामागून प्रश्न. बायको वैतागली, "कोणाले विचारून राह्यले? ज्याले माहीत हाय त्याले तर हाकलून देलं!"

सकाळी मीच त्यांच्या दारात उभा.

नागपूरच्या सर्जननं विचारलं, "हे कशानं झालं?" डॉक्टर माझ्याआधी बोलले. "माझ्यामुळं." आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं.

ऑपरेशननं अंगठा आणि दोन बोटं बऱ्यापैकी चालतील, बाकीच्यांची खात्री नाही, असं सर्जन म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम वेगळ्या बाकावर बसलो. वाटेतल्या केळझरपर्यंत दात-ओठ खात राहिलो. मग उठून डॉक्टरांशेजारी जाऊन बसलो आणि सुरू झालो. त्या दिवशी आत कोण पेशंट होता? तुमच्या कधी लक्षात आलं? अजून कोणाचं असं झालं का? ते सांगत गेले. एकदोनदा "माहीत नाई" म्हणाले, तेही खरं वाटलं. वर्धा आलं, बस रिकामी झाली, कंडक्टर "उतरा ना भाऊ" म्हणून ओरडला, तरी मी विचारतच होतो.