पेट्रोलवरची बंदी

तोरिकाच्या घरात पेट्रोल टिकत नसे. तांदूळ टिकत, सुकवलेले मासे टिकत, सासूने विणलेल्या चटया तर अजून धडधाकट होत्या. पण पेट्रोलचा कॅन बोटीतून उतरला की आठवड्यात त्याचा तळ दिसायचा. आणि जनरेटर तोवर एकदाही सुरू झालेला नसायचा!

जनरेटर मुलीने पाठवला होता, तिकडे मोठ्या बेटावर, नांदी शहरातल्या हॉटेलात काम करते ती. पाठवला बापासाठी. तोरिकाचा नवरा आपिसाय म्हणजे आडदांड गडी, पण दम्याने पुरता पोखरलेला. दवाखान्यातल्या नर्सबाईने त्याला औषधाची वाफ देणारं यंत्र दिलं होतं. एरवी ते छपरावरच्या सोलरवर चालायचं. पण वादळाच्या दिवसांत ऊन कुठलं? वाऱ्याने पत्र्यांबरोबर सोलरही उडायचं, आणि मेला दमाही नेमका तेव्हाच उसळायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग पेट्रोल द्यायचं कशाला लोकांना? अहो, कशाला काय! बेटावर कुणी दारात बसून 'केरेकेरे' म्हणालं की विषय संपला. नात्यातल्या माणसाने मागितलं आणि वस्तू घरात असली, तर द्यायची. न देणारी बाई गावात कद्रू म्हणून ओळखली जाते. आणि वातुलोमा गावात तोरिकाच्या नात्यातलं नाही असं होतं तरी कोण? पाद्रीबाबांना चर्चपुढचं गवत कापायचं असायचं, कुणाला करवत चालवायची असायची. सगळ्यांत वरचढ तिची नणंद लितियाना. तिचा नवरा ओसेया होडीवर इंजिन लावून मासे धरायचा, आणि त्या इंजिनाची तहान वहिनीच्या कॅनवर भागायची.

मागच्या वादळात व्हायचं ते झालं. आपिसायचे ओठ निळे पडले, तोरिकाने कॅन उचलला तर आत नुसता गाळ. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. ती त्याला छातीशी धरून पाठ चोळत राहिली, देवाला शिव्या देत राहिली, आणि मग त्याच देवाच्या पाया पडत राहिली. आपिसाय वाचला. पण तो वाचला ते नशिबाने, आणि नशीब काय दरवर्षी दारात उभं राहत नाही, हे तिला पक्कं कळलं.

तिने कॅन लपवायला सुरुवात केली. आधी पलंगाखाली. तर त्या वासाने आपिसायलाच ढास लागली, आणि नर्सबाईने तिला सगळ्यांदेखत झापलं, "अगं, झोपायच्या जागी पेट्रोल? नवरा दम्याने जायच्या आधी जाळून मारतेस का त्याला?" मग तिने कॅन चुलीपासून लांब, आंब्याच्या सावलीतल्या खोपटात नेला आणि त्यावर जुन्या चटया टाकल्या. पण लितियानाचं नाक म्हणजे काय विचारता!

"वहिनी, तुमच्या चटयांना पेट्रोलचा वास कसा गं येतो?" ती अंगणातूनच ओरडली. "का दादाने चटयांना इंजिन बसवलंय?"

"वन्सं, तुमच्या नाकाला बसवा इंजिन. ओसेयाभाऊजींची होडी बिनपेट्रोलची पळेल."

दोघी पोट धरून हसल्या. आणि हसता हसता लितियाना बाटली भरून घेऊन गेली.

त्याच सुमाराला गावप्रमुख रातू नेतानींचे थोरले भाऊ वारले. रीतीप्रमाणे किनाऱ्यासमोरच्या खडकांत एक काठी रोवली, तिला नारळाची पात बांधली, आणि तेवढ्या समुद्रात मासेमारीला बंदी झाली. मोठमोठे मासे काठीभोवती उड्या मारत होते. ओसेयासारखा हावरट गडीसुद्धा किनाऱ्यावर उकिडवा बसून नुसता बघत होता. तोरिका शिंपल्या वेचता वेचता उभी राहिली. या माशांना केरेकेरे करायला कुणी का जात नाही? तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ताज्या पेट्रोलचा कॅन आला त्याच दुपारी ती यांगोनाच्या, म्हणजे ज्यांचं मानाचं पेय करतात त्या मुळ्यांची जुडी घेऊन रातूंसमोर जाऊन बसली. रातू म्हातारे, गुडघ्यांनी अधू, पण जीभ तेज. भोवती गावातले पुरुष यांगोना पीत बसलेले.

"रातू, माझ्या पेट्रोलवर बंदी घाला."

क्षणभर कुणाला कळेचना. मग असा हशा उठला की एकाच्या नाकातून यांगोना बाहेर आलं.

"सूनबाई," रातू डोळे पुसत म्हणाले, "बंदी समुद्राला घालतात. प्लास्टिकच्या कॅनला कोण घालतं?"

"समुद्रात मासे उरावेत म्हणूनच घालता ना? माझ्याकडे नवरा उरावा म्हणून घाला."

हसणं जागच्या जागी विरलं. मागच्या वेळी त्या कॅनमधलं थोडंफार पेट्रोल तिथल्या प्रत्येकाने नेलेलं होतं, आणि ते प्रत्येकाला आठवत होतं. रातूंनी जुडी हाताने ओढून जवळ घेतली, म्हणजे मागणं मान्य केलं.

"पण ऐक. मी कॅनला पात बांधली की ती गाठ तुलाही लागू. मी सोडेन तेव्हाच सुटेल. चालेल?"

"चालेल," तोरिका म्हणाली. त्या घटकेला ती कशालाही 'चालेल' म्हणाली असती.

रातू काठी टेकत स्वतः खोपटापर्यंत आले, मंत्र पुटपुटत त्यांनी कॅनच्या गळ्याला नारळाची पात बांधली, आणि वातुलोमाच्या इतिहासात पहिल्यांदा पेट्रोल टिकलं. पाद्रीबाबांचं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. लितियाना मात्र भडकली. ओसेयाची होडी आठवडाभर वाळूत पडून होती. "दिलं नसतं तर एक वेळ चाललं असतं," ती विहिरीवर सगळ्या बायकांना ऐकवायची, "पण नणंद मागेल म्हणून पार रातूंना मधे घालायचं? आम्ही काय चोर आहोत?" तिने वहिनीशी बोलणं टाकलं. तोरिकाला घास गोड लागेना. तरी रोज सकाळी खोपटात जाऊन ती कॅन उचलून बघायची, आणि तो जड लागला की तिच्या जिवात जीव यायचा.

आणि वादळ आलं. सकाळी रेडिओ बोलला, दुपारच्या आत नारळ जमिनीला टेकायला लागले. तरणे लोक म्हाताऱ्यांना घेऊन टेकडीवरच्या चर्चमध्ये गेले. तोरिकाही निघणार, तोच आपिसाय दारात खाली बसला. छाती भात्यासारखी चाललेली, पण हवा काही आत जाईना. सोलर केव्हाच उडालं होतं. तिने जनरेटर वाऱ्याच्या आडोशाला, खोपटाच्या पडवीत ओढला, वायर खिडकीतून आत घेतली, यंत्रात औषध घातलं. सगळं तयार. आणि कॅनच्या गळ्याला ती गाठ.

आता ही गाठ सोडायला, वर चर्चमध्ये गेलेले रातू आणायचे कसे? या एका गोष्टीचा विचार तिने केलाच नव्हता. आत आपिसायच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. खड्ड्यात गेली गाठ! तिने विळा उचलला.

"वहिनी, थांब!"

पावसात निथळत लितियाना उभी होती. भाऊ चर्चमध्ये दिसला नाही म्हणून धावत आलेली.

"सरका वन्सं! तुमचा भाऊ जातोय तिकडे!"

"मला ऐकू येतंय! पण तू गाठ कापलीस ना, तर पुढच्या वर्षी पहिली बाटली घेऊन मीच येईन. मी मला ओळखते गं! आणि तू देशील, मी तुलाही ओळखते. मग त्या वर्षी काय करशील? चर्च हे इथं तर आहे. मी आले!"

ती गेली ती वाऱ्यात घुसलीच. तोरिका विळा हातात धरून आपिसायच्या पाठीशी बसली. ही आता आली नाही तर कापायचं, आता आली नाही तर कापायचं, असं मनाशी घोकत राहिली. तेवढ्यात चिखलातून एक विचित्र आकार येताना दिसला. लितियाना कमरेत वाकून धावत होती आणि तिच्या पाठीवर रातू नेतानी!

"अगं हळू, माझी हाडं आहेत, कसावाचं पोतं नाही!"

"गप्प बसा रातू, गळा आवळू नका माझा!"

गावप्रमुखाला 'गप्प बसा' म्हणणारी ती पहिलीच बाई असावी. म्हाताऱ्याने पडवीत बसकण मारली, मंत्राचे चार शब्द म्हटले, गाठ ओढली. पात सुटली. तोरिकाने पेट्रोल ओतलं, दोरी खेचली, आणि जनरेटर पहिल्याच ओढीला असा गरजला की वादळाचा आवाज फिका पडला! आत यंत्र गुणगुणलं. वाफ आपिसायच्या नाकातोंडात शिरली. सख्ख्या बहिणीने भावाशी तोंडावर बोलायचं नाही अशी तिथली चाल, म्हणून लितियाना बाहेर भिंतीला टेकून उभी.

"वहिनी, काय म्हणतोय तो?"

"श्वास घेतोय गं! घेतोय!" तोरिका आनंदाने किंचाळली. आपिसायने डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर, "रातू आपल्या घरात ओले का बसलेत?"

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आपिसाय अंगणात बसून भाजलेला ब्रेडफ्रूट खात होता. लोक पत्रे गोळा करत फिरत होते. तेव्हा लितियाना आली, रिकामी बाटली घेऊन, आणि रीतीप्रमाणे दारात मांडी घालून बसली.

"केरेकेरे, वहिनी. ओसेयाची जाळी वाहून गेलीत खाडीकडे, शोधायला जायचंय. आता गाठही नाही."

आसपासचे हात थांबले. कॅन अर्धा भरलेला, दारातून सगळ्यांना दिसत होता. आता पुढे करायला रातू नव्हते, पात नव्हती. जिने नवऱ्याचा जीव वाचवला तीच समोर बसलेली. तिने आपिसायच्या छातीकडे पाहिलं. छाती अजून जरा घरघरतच होती.

"वन्सं," ती म्हणाली, "जाळी शोधायला मी वल्हं मारायला येते. आमचे सगळे मासे न्या. पण पेट्रोल नाही देणार. त्याचा दमा बसेपर्यंत नाही."

लितियानाने वहिनीकडे टक लावून पाहिलं. मग बाटली बाजूला ठेवली, दोन्ही तळवे पोकळ केले आणि सावकाश, घुमणाऱ्या टाळ्या वाजवायला लागली. तशा टाळ्या तिथे काही मिळाल्यावर, घेणाऱ्याने द्यायच्या असतात. लितियानाने वहिनीचा नकारच मानाने घेतला होता. बघता बघता अंगणातले सगळे खाली बसून टाळ्या देऊ लागले. तोरिका रडत होती, हसत होती.

टाळ्या संपल्यावर नणंद उठली आणि दोघी वल्ही घेऊन खाडीकडे निघाल्या.