काईलीतला उभा माणूस

लालासाबभाई मुल्लाणी दर दिवाळीला काईल टेंपोत उभी बांधून धरणावर न्यायचे. काईल म्हणजे गूळ उकळायची लोखंडी कढई. नऊ फूट रुंद, कडा मांडीपर्यंत. कुरुंदवाडला पुराच्या दिवसांत त्यांचे वडील तिच्यातूनच माणसं पलीकडं पोचवायचे. लालासाबभाई शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीत मोल्डर होते. मी क्वालिटीला होतो, आणि सगळे मला त्याच नावानं हाक मारायचे.

१९९८ च्या दिवाळीत कारखाना बंद होता. लालासाबभाई, मी आणि भट्टीवरचा शिवशरण असे तिघं निघालो. अलीकडच्या काठावर वनखात्याची 'वन उद्यान' अशी पाटी होती. उद्यान पलीकडच्या काठावर, आणि तिथं रस्ता, खोली, नळ यातलं काहीही नव्हतं. जायचं तर पाण्यातून दीड तास वल्हवत, नाहीतर डोंगरावरून चार तास चालत.

काईलीला पुढं-मागं नसतं. एक वल्हं डावीकडं, एक उजवीकडं मारायचं. एकाच अंगाला तीन वल्ही पडली की ती भवऱ्यासारखी फिरते. जाताना शिवशरण डोंगर बघायला उभा राहिला, तसं लालासाबभाईंनी वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर ठेवलं.

"का थांबला लालाण्णा?" शिवशरणनं विचारलं. तो सीमेकडचा, सगळ्यांना अण्णा म्हणायचा.

"तू बसलास की निघू."

"आन न्हाय बसलो तर?"

"तर दिवाळी हितंच. माझा बा म्हनायचा, काईलीत मानूस उभा हाय तवर वल्हं पाण्यात घालायचं न्हाय."

शिवशरण हसत बसला आणि मगच वल्हं पाण्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला मी चुलीवर चहा ठेवला होता. मोठा आवाज झाला, चुलीतली राख उडाली. शंभर पावलांवर पाणी गढूळ होऊन उकळल्यासारखं दिसत होतं आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. काहींचे कल्ले अजून हलत होते.

"जिलेटिन," लालासाबभाई म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांचा थोरला भाऊ उजैर १९८५ साली नदीत अशीच कांडी टाकायला गेला होता. वात आखूड निघाली आणि दोन्ही हात गेले. तेव्हापासून लालासाबभाई त्याला रोज आपल्या हातानं भरवत होते.

झाडीतून दोघं आले. पुढं डोंगरापलीकडच्या गावचा गणपतराव (नाव नंतर कळलं), कमरेला कोयता. मागं त्याचा सोबती, खांद्यावर पोतं.

"पावणं, काईल कुणाची ही?"

"माझी."

"लई बेस. तासभर द्या. मधल्या डोहात दोन कांड्या सोडतो. तुमालाबी मासं देतो की."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"माझ्या काईलीत कांडी चढायची न्हाय."

"का? काईलीला शेंदूर फासलाय व्हय?"

सोबती खिदळला. लालासाबभाई वल्हं उचलायला वाकले, पण ते गणपतरावानं आधी उचललं आणि सरळ त्यांच्या तोंडावर मारलं. दोन दात वाळूत पडले. शिवशरण चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावला. गणपतरावाचा कोयता त्याच्या गुडघ्याच्या वर बसला. तो ओला, जाड आवाज मला अजून ऐकू येतो. शिवशरण खाली बसला आणि स्वतःच्या मांडीकडं बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मग रक्त आलं.

मी पट्टा काढून मांडीला आवळला. तरी रक्त बोटांमधून येतच होतं.

"याला दवाखान्यात न्यायाचा हाय," लालासाबभाई म्हणाले. तोंडातल्या रक्तामुळं शब्द नीट निघत नव्हते. "काईल सोडा."

"आधी आमचं काम. मग न्या तुमचं मढं." गणपतरावानं कोयता माझ्या मानेला लावला. "वल्हव, न्हायतर दोन न्यावी लागत्याल."

लालासाबभाईंनी शिवशरणकडं पाहिलं, वाळूत थुंकले आणि वल्हं हातात घेतलं.

काईल काठापासून ऐंशी-नव्वद फुटांवर गेली. मी शिवशरणची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, पण पाण्यावरून प्रत्येक शब्द ऐकू येत होता. सोबती पोतं घेऊन बसला. गणपतराव उभाच होता, एक पाय कडेवर.

"बसा."

"गावात समदी माझ्याफुडं बसत्यात. मी न्हाय बसत."

"काईलीत बसावं लागतंय, पावणं."

"तुझं त्वांड अजून हाय वाटतं."

त्यानं पोत्यातून कांडी काढली आणि विडीनं वात पेटवली. मला वाटलं, आता वल्हं वर येईल. आलं नाही. ते उजवीकडं पडलं. परत उजवीकडं. परत उजवीकडं. मोजणं हे माझं रोजचं काम होतं. तीन.

काईल गर्रकन फिरली. गणपतरावाचा पाय कडेवरून सुटला आणि तो आत उताणा आदळला. कांडी त्याच्या अंगाखाली गेली. सोबत्यानं पोत्यासकट पाण्यात उडी टाकली. गणपतराव चाचपडत होता, ओरडत होता. कांडी सापडली. फेकायला त्यानं हात वर नेला.

तिथंच ती फुटली.

धूर हलला तेव्हा त्याच्या हाताला मनगटापुढं काहीच नव्हतं. अर्धा चेहरा भाजून सोलला होता. लालासाबभाई कडेला आपटून पडले होते, उजव्या कानातून रक्त येत होतं. ते उठले, लुंगी फाडून गणपतरावाचं मनगट बांधलं आणि काईल काठाला आणली. सोबती पोहत बाहेर आला आणि मागं न बघता डोंगरात पळाला.

आम्ही दोन्ही जखमी काईलीत शेजारी शेजारी झोपवले. तळाचे पत्रे जोडणाऱ्या रिबिटा स्फोटानं ढिल्या झाल्या होत्या, त्यांतून पाणी येत होतं, त्यात रक्त मिसळत होतं. मी चहाच्या पातेल्यानं ते बाहेर टाकत होतो. दीड तास. गणपतराव आईला हाका मारायचा, मधेच विचारायचा, "माझा हात कुठाय? हात घेतलाईसा न्हवं?"

"लालाण्णा," शिवशरण डोळे मिटून म्हणाला, "त्याला गप बसीव. न्हायतर मी ढकलतो पाण्यात."

"बसलाय की आता," लालासाबभाई म्हणाले. एक वल्हं डावीकडं, एक उजवीकडं. एकही चुकलं नाही.

दोघंही वाचले. शिवशरणचा पाय ताठ राहिला. लालासाबभाईंचा उजवा कान गेला. पोलिसांना त्यांनी सांगितलं, "उभं हुतं. पाय घसरला." माझा जबाबही तोच. मोजलेलं मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी काईल कधी धरणावर नेली नाही.

२००५ च्या पुरात मी भाकऱ्यांची पोती घेऊन कुरुंदवाडला गेलो. लालासाबभाई त्याच काईलीतून माणसं आणत होते. तळाला नव्या रिबिटा होत्या. एका फेरीला एक धिप्पाड माणूस मोबाईलला रेंज मिळावी म्हणून मधेच उभा राहिला. लालासाबभाईंनी वल्हं उचलून मांडीवर ठेवलं. काईल पुरात हळूहळू वाहू लागली. बायका ओरडल्या, "बस की रं मुडद्या!" तो बसला. वल्हं पाण्यात गेलं.

काठावर मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो. "भाई, त्या दिवशी का उचललं नाही?"

त्यांना कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही.

"शिवशरणचं रक्त थांबत न्हवतं, क्वालिटी. तो बसंस्तवर थांबायला येळ कुठं हुता?"

"तीन उजवीकडं पडली."

"मोजलीस व्हय?" त्यांनी पातेल्यानं काईलीतलं पाणी उपसलं. मग म्हणाले, "पयलं चुकून पडलं. वात दिसली आन हात दचाकला. फुडची दोन न्हाय चुकली."

"मग त्याला वाचवलं कशाला?"

"हात तुटल्यावर त्याचं त्वांड उजैरसारखं दिसाय लागलं."

पलीकडच्या घरांच्या छपरांवरून हाका येत होत्या. ते काईलीत उतरले, आधी स्वतः बसले आणि मला म्हणाले, "येतोस तर ये. पन बसून."

मी बसलो.