अण्णांच्या आवाजात केलेला अभ्यास

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई जन्मली तीच तोंडावर बोट ठेवून. ग्रंथालयशास्त्र शिकवायला वर्गात उभी राहिले की मुलंही तसंच समजतात. अहो, कसली शांतता! मी वाढले काष्टीत, एका खोलीच्या घरात, आणि माझे वडील, आमचे अण्णा, आडतीवर कांद्याचा लिलाव पुकारायचे. दिवसभर गर्दीवर आवाज चढवायची सवय. घरी आल्यावर तो उतरवायचा कसा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन दारात हजर!

त्या आवाजात मी बाराखडी गिरवली, पाढे पाठ केले, बारावी झाले. अण्णांना सहीपुरतंच लिहिता यायचं. मी पुस्तक उघडलं की आई त्यांना दटावायची, "जरा हळू बोला की, पोरगी वाचतीय." अण्णा मान डोलवायचे आणि तेवढ्याच मोठ्यानं विचारायचे, "आता बरं हाय का?" आम्ही मायलेकी हसून बेजार.

मग नगरला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले. तिथलं ग्रंथालय बघून तर हरखूनच गेले. काचेची उंच कपाटं, लांबलचक टेबलं, आणि कुणी खोकलं तरी सगळ्या माना वळायच्या. तिथं बसलं की डोक्यात काही म्हणता काही शिरायचं नाही. तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे आणि कान कशाची तरी वाट बघत बसायचे. सहामाहीला चांगली आपटले. चुलत्यांनी घरी येऊन सांगून टाकलं, "वार्षिकला नापास झाली तर आणा माघारी. पोरगा मी हेरून ठेवलाय." तो पोरगा वाईट नसेल हो, पण मला शिकायचं होतं! ती कपाटं सोडून जायचं नव्हतं.

दिवाळीला घरी आले आणि अण्णांच्या बडबडीत अख्खा धडा एका बैठकीत संपवला. आईनं ते बरोबर हेरलं. "अगं, तुला ह्यांच्या आवाजाबिगर वाचताच येत न्हाई." मी चिडले, म्हटलं, काहीतरीच काय! अण्णा मात्र म्हणाले, "मंग मी येतो की."

आणि खरंच आले. आडतीला सुट्टी असली की एसटीनं नगरला यायचे, कॉलेजच्या फाटकाजवळ कडुलिंबाखाली फतकल मारून बसायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन. रिक्षावाला, पहारेकरी, भेळवाला, जो सापडेल त्याला धरून कांद्याचे भाव, पाऊसपाणी, गावातल्या भावकीची भांडणं, सगळं मोठ्या आवाजात सुरू. माझी पानं भराभर उलटायची. मैत्रिणी विचारायच्या, "तुझे वडील गप्प नाही का गं बसत?" मी म्हणायचे, "नको बाई, गप्प नको!"

बोलायला कुणीच नसलं की ते एकटेच लिलाव पुकारायचे. येणारेजाणारे बघत राहायचे. मला लाज कसली, उलट ऊर भरून यायचा. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसायचा. "अण्णा, पुरे आता," म्हटलं की म्हणायचे, "माझं काय जातंय? तू वाच, माय."

आज माझ्या ग्रंथालयात मुलं कानात इअरफोन घालून वाचतात. सहकारी नाकं मुरडतात. मुरडू देत.

माझ्या वार्षिक परीक्षेच्या हॉलमध्ये शांतताच होती, पण तोवर सगळं डोक्यात पक्कं बसलेलं. उत्तर आठवलं की त्याबरोबर त्या दिवशीचा कांद्याचा भावही आठवायचा.

निकाल लागला तशी धावत सुटले. घरी फोन नव्हता, म्हणून अण्णांच्या मालकांच्या, म्हणजे आडत्यांच्या मोबाईलवर लावला. मागं बाजाराचा नुसता कल्ला. आडत्यांनी अण्णांना हाक मारून फोन त्यांच्या हातात दिला.

"अण्णा, पास झाले! चांगल्या मार्कांनी. आता मला माघारी न्यायचं नाही हं."

पलीकडून फक्त बाजाराचा कल्ला. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"अण्णा? अहो अण्णा!"

मग आडतेच बोलले, "पोरी, काय सांगितलंस गं तू ह्याला? लिलाव निम्म्यात सोडलाय, अन् तोंडातून शब्द फुटंना झालाय."